पावडर जलरंग आणि ग्रीटिंगचे कागद : आठ महिन्यांच्या वापरानंतर

या पावडरींबद्दल कुणी विचारलं की पहिला प्रश्न असतो कुठला रंग घेऊ. खरं तर आधी विचारायला हवं कुठला कागद घेऊ. एकाच डबीतली पावडर एका कागदावर फुलबाजीसारखी फुटते आणि दुसऱ्यावर शाई सांडल्यासारखी दिसते.

वापर मुख्यतः ब्रुशोचा. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कलरक्राफ्ट कंपनीचे हे रंग, १५ ग्रॅमची डबी. कोरडे असताना दाणे इतके मळकट दिसतात की झाकणावरचं नाव वाचल्याशिवाय रंग कळत नाही. नेहमीच्या जलरंगात पिगमेंट, म्हणजे न विरघळणारी रंगाची भुकटी, गोंदात घोटलेली असते. इथे पाण्यात पूर्ण विरघळणारा डाय आहे. पुढचे सगळे गुण-दोष त्यातूनच येतात.

डबीचं झाकण उघडायचंच नाही. झाकणाला टाचणीने एक भोक पाडा, मीठदाणीसारखी डबी उलटी धरून बोटाने टिचकी मारा आणि काम झालं की तीच टाचणी भोकात खोचून ठेवा. ए-सिक्स, म्हणजे साधारण पोस्टकार्डाच्या आकाराच्या कार्डाला दोन-तीन टिचक्या पुरतात. चौथी मारण्याचा मोह होतोच. मग रंग दाट होऊन वाळल्यावर तेलकट चकाकतो आणि बोटाला लागतो. पंखा बंद, तोंडावर मास्क, खाली किंचित ओलसर वर्तमानपत्र. पंखा चालू राहिला तर शेजारी वाळत ठेवलेल्या पांढऱ्या कार्डांवर दुसऱ्या दिवशी जांभळे ठिपके सापडतात. सांडलेली पावडर ओल्या फडक्याने पुसू नका, कोरड्या ब्रशने गोळा करा. ओलं फडकं लागलं की सगळा ओटा रंगला म्हणून समजा.

पद्धती दोन. कोरड्या कागदावर पावडर टाकून फुटभरावरून बारीक फवारा मारला की टोकदार, ताऱ्यासारखे ठिपके येतात. आधी कागद ओला करून मग पावडर टाकली की रंग ढगासारखे पसरतात. फवारा मारला की हात बांधून अर्धा मिनिट थांबायचं. दाणे हळूहळू उमलतात. लगेच दुसरा फवारा मारला तर सगळं मिसळून चिखल होतो. हीटगन (गरम हवा फेकणारं यंत्र) पाणी कागदात मुरल्यावरच, तीही लांबून. आधी लावली तर कोरडे दाणे उडतात. काळा, गडद तपकिरी असे मिश्र रंग इथे खरी मजा आणतात, कारण त्यातले घटक डाय वेगवेगळ्या वेगाने सरकतात आणि कडेला निळ्या-नारिंगी झालरी सुटतात.

आता कागद. कळीचा शब्द साइझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून कागदाला दिलेली खळ. तपासायला पाण्याचा एक थेंब टाका. मोत्यासारखा टिकला तर साइझिंग आहे. क्षणात गडद डाग पडला तर नाही.

३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) शंभर टक्के कॉटन, कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरखरीत कागद ओल्या पद्धतीला सगळ्यांत चांगला. पाणी बराच वेळ धरतो, कडा मऊ येतात. पण अक्षरं लिहायची असतील तर गुळगुळीत हॉट प्रेस घ्या, खरखरीत कागदावर टाक अडखळतो. ब्रिस्टल या गुळगुळीत, जाड कार्डकागदावर रंग पृष्ठभागावरच राहतो, म्हणून सर्वांत झगझगीत दिसतो. कोरड्या पद्धतीला पहिली पसंती हीच. साध्या कार्ट्रिजला (चित्रकलेच्या वहीतला कागद) पोक येतो, रंग फिका पडतो, सरावाला ठीक. इंकजेटच्या ग्लॉसी फोटो पेपरने मात्र चकित केलं. त्याचा लेप डाय जागच्या जागी पकडतो, ठिपके सुईने टोचल्यासारखे बारीक. पसरण मात्र शून्य. युपो हा कागद प्लास्टिकचा, काही शोषत नाही, वाळायला तास न् तास घेतो आणि घामट बोटाने पुसला जातो. खाकी क्राफ्ट कागदावर पारदर्शक रंग गडप होतात. आधी पांढऱ्या जेसोचा (रंगाखाली लावायचा अस्तर-रंग) हात द्या.

हातकागद दिसायला देखणा, कार्डाला शोभतो. पण बरेचसे चिंध्यांचे कागद टीपकागदासारखे पितात. दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्यासारख्या जुन्या कागदगावांत खळ देऊन दगडाने घोटलेला कागद पोथ्या-दप्तरांसाठी व्हायचा, तो उगाच नव्हे. घरी उपाय असा: ५ ग्रॅम बिनचवीचं जिलेटिन २५० मिली गार पाण्यात १० मिनिटं फुगवा, मग भांडं गरम पाण्यात ठेवून वितळवा. उकळी आणू नका, पकड जाते. रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना एकेक हात, दोरीवर वाळवा, दुसऱ्या दिवशी वापरा. जिलेटिन नको असेल तर मैद्याची अगदी पातळ खळ चालते. दाट झाली तर घडीवर तडकते.

वाळलेला रंग पुन्हा ओला झाला की पुन्हा पळतो. म्हणून वर दुसरा थर देताना, किंवा कार्ड पोस्टाने पाठवताना, आधी ॲक्रिलिक फिक्सेटिव्हचे, म्हणजे रंग पक्का धरून ठेवणाऱ्या स्प्रेचे, दोन हलके फवारे मारा. ब्रशने वार्निश लावू नका. पातळ कागद फेविकॉलने चिकटवला तर ओल आरपार येऊन रंग फुटतो, दुहेरी टेप बरी. पांढरी अक्षरं हवी असतील तर आधी मेणबत्तीने लिहा. घरातल्या ब्लीचने वाळलेला रंग उडवताही येतो. त्यासाठी टाक किंवा कापसाची काडी घ्या, चांगला ब्रश बुडवलात तर केस गेले.

कोकण-मुंबईच्या पावसात हवेतल्या ओलीने दाणे गोळा होतात. डब्या हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या.

टिकाऊपणाबद्दल भ्रम नको. रंगवलेली पट्टी अर्धी झाकून उन्हाच्या खिडकीत लावा. गुलाबी आणि जांभळा सर्वांत आधी उडतात. पाकिटात राहणाऱ्या कार्डाला हे चालतं, फ्रेम करून द्यायच्या चित्राला नाही.

सुरुवातीला मोठा सेट घेऊ नका. लेमन, रोज रेड, टर्क्वाइज आणि काळा या चार डब्या, आणि उरलेल्या पैशांत ब्रिस्टलचं एक पॅड.