लस टोचलेल्या म्हणून विकलेल्या २४ तलंगा आणि गेलेले १६,०८० रुपये

एक तलंग, म्हणजे अंड्यावर यायला आलेली तरुण कोंबडी, ४८० रुपयांना, अशा २४ घेतल्या. झाले ११,५२०. ‘लस टोचून देतो’ म्हणून पक्ष्यामागे १५ रुपये, म्हणजे ३६०. टेम्पोचे ९००. आणि पक्षी घरघरायला लागल्यावर विकणाऱ्यानेच पाठवलेल्या पिवळ्या पावडरीचे दोन डबे, १,६५० ला एक, म्हणजे ३,३००. एकूण १६,०८० रुपये. त्या २४ पैकी १३ मेल्या आणि घरच्या ११ जुन्या कोंबड्यांपैकी ५. हिशेब आधीच मांडतोय, कारण ‘कोंबड्यांत एवढं तेवढं चालायचंच’ असं ऐकवणारे फार भेटले. हे एवढं तेवढं नव्हतं. विकणाऱ्याला सगळं ठाऊक होतं.

सगळ्यात जास्त जळतं ते एकाच गोष्टीने. आठवडी बाजारात डालग्यातून तिसरी तलंग बाहेर काढली, तेव्हा तिच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात बारीक फेस होता, साबणाच्या पाण्याला येतो तसा. दिसला. बोटाने पुसलाही. ‘धूळ आहे दादा, गाडीवरून आणल्यात,’ तो म्हणाला आणि ते पटलं. धुळीने डोळा लाल होतो, पाणी येतं. असा फेस मात्र सी.आर.डी.ची, म्हणजे मायकोप्लाझ्मा या जंतूमुळे होणाऱ्या जुनाट सर्दीची ओळखीची खूण. तिच्या खांद्याजवळची पिसं तपकिरी होऊन चिकटली होती, तेही पाहिलं. कोंबडी नाक पंखावर पुसते म्हणून पिसं तशी होतात. आणि पाण्याचं भांडं! पाणी पिवळं होतं. ‘हळद-गुळाचं पाणी, उन्हाचा त्रास नको म्हणून.’ हळद तळाशी बसते. त्या भांड्याच्या तळाशी काहीच नव्हतं.

एवढं दिसूनही घेतल्या कशा, असं विचारणाऱ्यांनी भर दुपारच्या बाजारात जाऊन बघावं. शंभर कोंबड्या ओरडत असताना एकीच्या गळ्यातली खरखर ऐकू येत नाही. उन्हात निरोगी कोंबडीही चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते. शिवाय औषधाच्या पाण्यावर ठेवलेला पक्षी चार दिवस तरतरीत दिसतोच, दाणे टिपतो, तुराही लाल असतो. फसवणूक याच चार दिवसांच्या हिशेबावर चालते.

घेताना प्रत्येक पक्षी हातात घ्या. नाकपुड्यांच्या वर दोन बोटांनी हलकं दाबा. थेंब आला तर सोडून द्या. त्या थेंबाला कुजका वास आणि तोंड एका बाजूने सुजलेलं असेल, तर तो कोरायझा, म्हणजे जंतूंमुळे होणारी सांसर्गिक सर्दी. चोच उघडून आत बॅटरी मारा. पिवळट पापुद्रे चिकटलेले दिसले, तर कोंबड्यांची देवी घशात उतरलेली असते. छाती कानाला लावून ऐका, बाजाराच्या गोंगाटातून बाजूला नेऊन. विकणारा ‘बाजूला कशाला’ म्हणाला, तर तिथेच व्यवहार संपवा.

आता लस. त्याने शर्टाच्या खिशातून कुपी काढली. खिशातून! राणीखेतची, म्हणजे मानमोडीची, आर२बी ही जिवंत विषाणूची लस. ती कोरडी येते, द्रावण वेगळं असतं, आणि तिला २ ते ८ अंश तापमान लागतं. मिसळली की बर्फात ठेवायची आणि दोन तासांच्या आत संपवायची. त्याच्याकडची आधीच मिसळलेली होती. केव्हा मिसळली, कोण जाणे. थर्मास नाही, बर्फ नाही, कुपीवरचं लेबल अर्धं खरवडलेलं. बॅच नंबर विचारायला हवा होता. त्याऐवजी सुई प्रत्येकीला बदलतोय की नाही, एवढंच पाहत बसलो. वर छापील कार्ड दिलं, शिक्का मारलेलं. कार्ड कोणत्याही छापखान्यात मिळतं. आणि समजा लस खरी असती, तरी मायकोप्लाझ्मा अंगात असलेल्या पक्ष्याला जिवंत लस टोचली की श्वासाचा त्रास आणखी भडकतो. लस निरोगी पक्ष्यालाच द्यायची: पिल्लाला ५ ते ७ दिवसांत लासोटा ही राणीखेतचीच लस, एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि ६ ते ८ आठवड्यांचं झालं की आर२बी, अर्धा मिली, कातडीखाली.

पाचव्या रात्री खुराड्यातून आवाज आला. दिवसा नाही, रात्रीच. दिवा मालवून दहा मिनिटं गप्प उभं राहिलं की शिंक वेगळी, घरघर वेगळी, मान लांब करून ओढलेला श्वास वेगळा कळतो. चौदा पक्षी वाजत होते. फोन केला तर तो लगेच म्हणाला, ‘दादा, खुराड्यात वास कोंडतोय, अमोनिया झालाय.’ दोष आमच्याच गळ्यात. अमोनिया तपासायला पहाटे कोंबडीच्या उंचीवर वाकून श्वास घ्यायचा. डोळे चुरचुरले तर हवा खराब. आमच्याकडे तीन इंच तूस होता, कोरडा, रोज हलवलेला. काही चुरचुरलं नाही. तरीही शंका आली, आपलंच चुकलं असेल. त्या शंकेचे त्याने ३,३०० रुपये घेतले.

डब्यावर ना नाव, ना घटक, ना मुदत. ‘सर्दी, मानमोडी, देवी, सगळ्यावर एकच.’ हे वाक्य ऐकलं की फोन ठेवायचा. मानमोडी आणि देवी विषाणूंनी होतात, त्यांच्यावर कोणतीही पावडर चालत नाही. मायकोप्लाझ्मावर औषध चालतं, पण निवडून. त्या जंतूला पेशीभित्तिकाच नसते, म्हणून दुकानदार उचलून देतो ते ॲमॉक्सिसिलिन तिथे फुकट. टायलोसिन, डॉक्सिसायक्लिन, टायामुलिन ही कामाची. टायलोसिन टार्ट्रेट लिटरला अर्धा ग्रॅम, तीन ते पाच दिवस, तेही डॉक्टरने पक्षी पाहून सांगितल्यावर. त्या दिवसांत दुसरं पाणी ठेवायचं नाही आणि पाणी रोज नव्याने बनवायचं. मोठा पक्षी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पितो, म्हणजे २४ पक्ष्यांना सहा लिटर पुरे. उगाच बादलीभर केलं तर औषध वाया जातं. जो पक्षी उठतच नाही, तो पाणीही पीत नाही. त्याला सिरिंजने चोचीच्या कडेतून थेंब थेंब द्यावं लागतं. घाईने ओतलं तर श्वासनलिकेत जाऊन गुदमरतो. औषध चालू असताना आणि लेबलवर लिहिलेले दिवस संपेपर्यंत अंडी खायची नाहीत. पिवळ्या डब्यावर लेबलच नव्हतं, त्यामुळे किती दिवस अंडी फेकायची, हेही कळायला मार्ग नव्हता.

पावडरीने दोन दिवस आवाज कमी झाला, तिसऱ्या दिवशी दुप्पट. नवव्या दिवशी हिरवी पातळ विष्ठा आणि दोन तलंगांच्या माना पिळल्या. सर्दीच्या आडून राणीखेत आत आलं होतं. घरच्या जुन्यांना लहानपणी लासोटा झालेली, पण पुढचा डोस राहिलेला. त्यातल्या पाच गेल्या.

जनावरांच्या दवाखान्यात तीन खेपा. पहिल्या दिवशी साहेब प्रशिक्षणाला. दुसऱ्या दिवशी ‘कोंबडीला कोण केसपेपर काढतं? कापून खा.’ आजारी कोंबडी कापून खा, हा सल्ला टेबलाच्या त्या बाजूने आला! तिसऱ्या दिवशी ताजा मेलेला पक्षी दोन पिशव्यांत, बर्फाच्या डब्यात घेऊन गेलो, कारण प्रयोगशाळेला गोठवलेला नको, गार ठेवलेला आणि शक्यतो २४ तासांच्या आतला हवा. त्यासोबत डॉक्टरचं पत्र लागतं: वय, लसीकरण, लक्षणं, मेलेल्यांचा आकडा. पत्र देणारा कारकून जेवायला गेला तो आलाच नाही. चार वाजता बर्फ वितळला. याच राज्यात २००६ साली नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, आणि एका खुराड्यात आठवड्यात डझनभर पक्षी मेले तरी एक पत्र मिळत नाही. झटपट मरतूक झाली की कळवा, असं लोकांना सांगायचं, आणि कळवायला गेलेल्याला बाकावर बसवायचं. शेवटी खासगी डॉक्टरने पक्षी उघडला: वायुकोश, म्हणजे श्वासाच्या हवेच्या पिशव्या, दुधाळ, जाड, आत पनीरसारखे गोळे, जठराच्या आतल्या अस्तरावर लाल ठिपके. सी.आर.डी. आणि राणीखेत, दोन्ही रोग एकाच पक्ष्यात.

पोलीस चौकीत पहिला प्रश्न, ‘पावती आहे?’ नव्हती. पैसे मोबाइलवरून दिलेले, पण खात्यावरचं नाव तिसऱ्याच माणसाचं. ‘हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा.’ अर्जाची पोच मागितली तर तीही दिली नाही. तेव्हा घेतानाच वहीच्या कागदावर का होईना, नाव, पत्ता, पक्ष्यांची संख्या, लसीचा बॅच नंबर लिहून सही घ्या. सही द्यायला कां-कूं करणाऱ्याकडचा पक्षी फुकटही नको. आणि नवा पक्षी तीस दिवस वेगळ्या जागी, वेगळं भांडं, वेगळी चप्पल, साध्या पाण्यावर. जुन्यांचं आधी आवरायचं, नव्यांकडे मागाहून जायचं. आम्ही पहिल्याच संध्याकाळी सगळ्या एकत्र सोडल्या. जागा नव्हती हे खरं, पण एका जाळीचे चारशे रुपये वाचवायला गेलो हेही खरं.

त्यातल्या ११ तलंगा उरल्या. आता आवाज नाही, अंडी देतात. पण मायकोप्लाझ्मा अंगातून जात नाही. थंडी, भिजणं, प्रवास, काहीही झालं की पुन्हा उठतो, आणि अंड्यातून पिल्लात उतरतो. त्यामुळे त्यांची अंडी उबवायला ठेवायची नाहीत, पक्षी कुणाला द्यायचे नाहीत.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. गोड आवाजात. ‘उरलेल्या परत घेतो दादा, १५० रुपयांनी. तुमचं नुकसान नको.’ तेव्हा कुठे पूर्ण उलगडलं की आपल्या त्या २४ तरी कुठून आल्या होत्या: कुणाच्या तरी खुराड्यातून उरलेल्या, १५० ने उचललेल्या, चार दिवस पिवळ्या पाण्यावर ठेवलेल्या, मग ४८० ला विकलेल्या. ११ गुणिले १५०, म्हणजे १,६५० मिळाले असते. दिल्या नाहीत.