पाळत समजून घ्यायची तर आधी कोणती कादंबरी वाचावी?

सरकारी पाळतीवरच्या कादंबऱ्या म्हटलं की चार नावं हमखास येतात: झाम्यातिनची 'वी', हक्स्लेची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२), ऑर्वेलची '१९८४' (१९४९) आणि ॲटवुडची 'द हँडमेड्स टेल' (१९८५). सुरुवात कुठून करायची हे ठरवताना, माणूस धाकात राहतो तो नेमका कशामुळे, हे प्रत्येकीत बघावं.

यंत्रणा मुळापासून कळायला हवी असेल तर '१९८४'च आधी घ्या. तिथला टेलिस्क्रीन, म्हणजे भिंतीवरचा पडदा, दाखवतो आणि बघतोही. आवाज कमी करता येतो, बंद करता येत नाही. पण खरी मेख वेगळीच आहे. या क्षणी आपल्याला कुणी बघतंय की नाही, हे कळायला मार्गच नाही. त्यामुळे चेहरासुद्धा चोवीस तास सांभाळावा लागतो. नायक विन्स्टन डायरी लिहायला बसतो तो टेलिस्क्रीनच्या नजरेबाहेरच्या एका कोनाड्यात. एक गोष्ट बरेच वाचक विसरतात: लोकसंख्येत ८५ टक्के असलेल्या प्रोल, म्हणजे कष्टकरी, लोकांपैकी बहुतेकांच्या घरी टेलिस्क्रीन नाहीच. करडी नजर आहे ती सत्ताधारी पक्षाच्या माणसांवर. आणि शेजारच्या पार्सन्सला पकडून देते ती त्याची सात वर्षांची पोरगी. बाप झोपेत बरळला ते तिने किल्लीच्या भोकातून ऐकलं. कोठडीत बसूनही बापाला तिचं कौतुकच! या प्रसंगाइतकी भयंकर जागा अख्ख्या पुस्तकात मला दुसरी दिसत नाही.

ही कादंबरी अर्ध्यावर सुटते ती बहुधा दुसऱ्या भागात, राजवटीचा शत्रू ठरवलेल्या गोल्डस्टाइनच्या पुस्तकातले लांबलचक उतारे येतात तिथे. ते पहिल्या वाचनात भरभर वाचले तरी चालतील. न्यूस्पीक या राजवटीच्या कृत्रिम भाषेवरचं परिशिष्ट मात्र गाळू नका. ते भूतकाळात लिहिलंय, आणि त्यावरून ही राजवट पुढे कोसळली असावी असा अर्थ काही अभ्यासक काढतात.

यंत्रांपेक्षा कायदा आणि पैसा यांतून येणारी पकड समजून घ्यायची असेल तर 'द हँडमेड्स टेल' जास्त उपयोगी. मला ती आजच्या जगाला सर्वांत जवळची वाटते. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची हत्या होते, संसद सदस्य मारले जातात, राज्यघटना स्थगित होते. मग एके दिवशी नायिका सिगारेट घ्यायला जाते आणि कार्ड चालत नाही. बायकांची सगळी खाती एकाच वेळी गोठवलेली असतात. हे जमतं, कारण कागदी नोटा आधीच बाद झालेल्या असतात आणि खात्यांवर स्त्री-पुरुष अशी नोंद असते. एक आज्ञा पुरते. पुढे हँडमेडना, म्हणजे सत्ताधाऱ्यांसाठी मुलं जन्माला घालायला जुंपलेल्या बायकांना, बाजारालाही जोडीनेच जावं लागतं, म्हणजे दोघी एकमेकींवर आपसूक पहारेकरी. निवेदन काळात मागेपुढे उड्या मारतं, त्यामुळे सुरुवातीला गोंधळ होतो. काही प्रकरणं नेट धरून वाचली की सूर सापडतो. शेवटची 'ऐतिहासिक टिपणं' हा कादंबरीचाच भाग आहे, तोही वाचायचा.

'वी' वयाने सर्वांत थोरली. लिहिली गेली १९२०-२१ मध्ये, छापून आली १९२४ मध्ये इंग्रजी अनुवादातून, आणि सोव्हिएत संघात थेट १९८८ मध्ये. घरं काचेची, पडदे ओढायची परवानगी फक्त शरीरसंबंधासाठीच्या गुलाबी कूपनवर, ठरलेल्या वेळेपुरती. निवेदक डी-५०३ हा गणिती त्या व्यवस्थेचा निस्सीम भक्त आहे. पाळत हवीहवीशी वाटणारं मन आतून कसं असतं, हे इथेच सर्वांत चांगलं दिसतं. मात्र वाक्यं तुटक आहेत, म्हणून ही पहिली नको. '१९८४'नंतर लगेच वाचलीत तर ऑर्वेलने तिच्यातून काय उचललं हे ओळखता येईल. १९४६ मध्ये त्याने तिच्यावर परीक्षणही लिहिलं होतं.

'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' पाळतीसाठी वाचायला गेलात तर हात रिकामे राहतील. तिथे एका बीजांडापासून ९६ पर्यंत जुळी घडवतात, झोपेत धडे पाजतात आणि वर सोमा या गुंगवणाऱ्या औषधाची गोळी देतात. माणूस बंड करायच्या अवस्थेला सहसा पोचतच नाही. टेहळणीची गरजच उरू नये अशी प्रजा कशी घडवतात, हा तुमचा प्रश्न असेल तर मात्र बाकीच्या तिघी बाजूला ठेवून हीच उघडा.