आधी पाकिटाचं तोंड: भडंगासाठी बँड सीलर घ्यावा का?

सांगलीत बसून भडंगाबद्दल कुणाला शहाणपण शिकवायला जाणं धाडसाचंच आहे. पण माझ्या भडंगाची पाकिटं बंद करायला मी घेतलेल्या बँड सीलर मशीनबद्दल बचत गटातल्या बायका सारख्या विचारतात, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

मशीन साधं आहे. टेफ्लॉनचे दोन पट्टे फिरतात, त्यांच्यामागे तापलेले धातूचे ठोकळे. पाकिटाचं तोंड एका टोकाला सरकवलं की पट्टे ते धरून पुढे नेतात, तापवतात, दाबतात, गार करतात आणि पलीकडून बंद पाकीट बाहेर. आडवं आणि उभं अशा दोन प्रकारांत मिळतं. भडंगाला उभंच घ्या. पाकीट आडवं केलं की मसाला आणि शेंगदाण्याचा चुरा तोंडाशी येतो, आणि मध्ये तेलकट चुरा आला की सील धरत नाही. उभ्यातही भरताना रुंद तोंडाचं नरसाळं हवंच.

किंमत २० हजारांच्या आत-बाहेर. एवढ्या पैशात करण्यासारखं बरंच होतं. नवं लेबल, गाळ्यावर बोर्ड, आणखी एक चव, आणि भाच्याच्या मते सर्वात आधी इन्स्टाग्राम. सगळीच कामं खरी. मग सीलरच का? तर परत येणारा माल. लाईनवरून, म्हणजे दुकानांना माल टाकायच्या फेरीवरून, परत आलेली पाकिटं एकाच पोत्यात कोंबायची नाहीत, कारणाप्रमाणे वेगळी ठेवायची, असं मी मुलींना सांगून ठेवलं होतं. वजन कमी म्हणून एखादंच पाकीट. तारीख उलटलेली थोडी. तिखट जास्त म्हणणारा एकच दुकानदार, तो नेहमीचाच. आणि मऊ पडलेल्यांचा हा ढीग! मिरजेचे एक दुकानदार म्हणाले, "वहिनी, चव झकास आहे, पण कुरकुरतच नाही."

वालचंद कॉलेजात शिकणारा भाचा ढीग बघून म्हणाला, "आत्या, हा तर पॅरेटो!" विल्फ्रेडो पॅरेटो हे इटलीचे अर्थतज्ज्ञ. बहुतेक संपत्ती थोड्याच लोकांकडे असते, हे त्यांनी पाहिलं; तेच गुणवत्तातज्ज्ञ जोसेफ जुरान यांनी कारखान्यातल्या दोषांना लावलं. बहुतेक नुकसान मोजक्या कारणांतून होतं, ती आधी धरा. ८० टक्के नुकसान २० टक्के कारणांतून, हा ८०-२० चा आकडा तंतोतंत धरायचा नसतो, हेही भाच्यानेच सांगितलं. फी अगदीच वाया जात नाहीये म्हणायची.

पण मऊ पडतंय म्हणून थेट मशीन घ्यायला पळू नका. चुरमुरे नीट भाजले गेले नसतील तर आख्खा घाणाच मऊ लागतो. आमच्याकडे एकाच घाण्यातली काही पाकिटं कडक, काही मऊ. म्हणजे खोट भट्टीत नव्हती. बादलीभर पाण्यात पाकीट बुडवून हलकं दाबलं, तर तोंडाच्या बरोबर मध्यावरून बुडबुडे! तिथे पाकिटाचा मागचा जोड येतो, चार पदर होतात. हाताने दाबायच्या सीलरची रेघ बारीक, आणि संध्याकाळपर्यंत हात दमला की दाबही कमी. बँड सीलरची पट्टी रुंद बसते, दाब सकाळी तोच, संध्याकाळी तोच. जुलैच्या दमट हवेतही मऊ पाकिटं परत येणं जवळजवळ थांबलं.

आता तक्रारी. तापमानाची डायल ३०० अंशांपर्यंत जाते, पण तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मेटलाइज्ड, म्हणजे चंदेरी थराच्या, पाकिटांचा नवा लॉट आला की दोन-चार पाकिटं जाळून, बुडवून बघावीच लागतात. बंद करताना आधी हीटर बंद करायचा आणि ठोकळे गार होईपर्यंत पट्टे फिरते ठेवायचे. हे विक्रेत्याने सांगितलंच नाही. मध्येच वीज गेली तर पट्टा तापलेल्या ठोकळ्यांत थांबून करपतो. जादा पट्टे पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा. तारीख छापायची सोयही आहे, पण आकडे बदलता बदलता जीव जातो. आम्ही आपला हाताचा शिक्काच मारतो.

पाचपैकी चार देईन. एक पट्ट्यांपायी कापला.

मात्र सगळ्यांनी घ्यावं असं नाही. गटातली लोणचंवाली मागेच लागली होती, मशीन कुठून घेतलं म्हणून. तिच्याकडे बरण्या, पाकीट एकही गळत नाही. तिचे पैसे अडकलेत एका हॉटेलवाल्याच्या उधारीत. तिला म्हटलं, आधी त्याचा माल थांबव, मशीनचं दिवाळीनंतर बघू. गाळ्यावरून ताजं भडंग कागदात बांधून विकणाऱ्यांनाही याचा काही उपयोग नाही.

आमचं लेबल अजून जुनंच आहे, भाचा नवी डिझाइनं पाठवत असतो. पण मऊ पाकिटांचा ढीग गेल्यावर आता तारीख उलटलेल्यांचा ढीग वर दिसायला लागलाय. लाईनवाला छोट्या दुकानांत गरजेपेक्षा जास्त माल टाकून येतो, असा माझा संशय आहे. या महिन्यात त्याच्यासोबत गाडीत मी स्वतः बसणार आहे.