मिनोटॉरच्या शोधात आठ महिने: 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' खेळल्यानंतर

'असॅसिन्स क्रीड ओडिसी' हा २०१८ साली आलेला गेम मी आठ महिन्यांपूर्वी सवलतीच्या दरात घेतला, आणि खरे सांगायचे तर तो घेण्यामागे अथेन्स-स्पार्टाच्या युद्धापेक्षा क्रीट बेटावरच्या बैलमुखी मिनोटॉरचे आकर्षण अधिक होते. गेमची मुख्य कथा इ.स.पू. ४३१ मध्ये, म्हणजे अथेन्स-स्पार्टातल्या या पेलोपोनेशियन युद्धाच्या आरंभी सुरू होते. अथेन्सचा नेता पेरिक्लीस, इतिहासकार हेरोडोटस, तत्त्वज्ञ सॉक्रेटिस ही माणसे त्यात चालती-बोलती भेटतात. अशा इतिहासाच्या चौकटीत एक राक्षस कसा बसवला असेल, हे मला पाहायचे होते.

मूळ कथा थोडक्यात अशी. क्रीटचा राजा मिनोस याने समुद्रदेव पोसायडनने पाठवलेला बैल बळी देण्याऐवजी स्वतःकडे ठेवला. त्या अपराधाची शिक्षा म्हणून राणी पासिफाईला त्या बैलाचेच वेड लागले आणि तिच्या पोटी मिनोटॉर जन्मला. डेडॅलस नावाच्या कारागिराने बांधलेल्या भुलभुलैयात त्याला कोंडण्यात आले. अथेन्सहून खंडणी म्हणून येणारी सात मुले आणि सात मुली हे त्याचे भक्ष्य होते. अखेर अथेन्सचा राजपुत्र थिसियसने मिनोसची मुलगी ॲरिॲडनी हिने दिलेल्या दोऱ्याच्या आधाराने आत जाऊन त्याला मारले.

गेममध्ये क्रीटवरच्या नोसॉसच्या राजवाड्याखाली हा भुलभुलैया आहे. वरचे अवशेष पाहताना मात्र एक गंमत ध्यानात येते. सॉक्रेटिसच्या काळात हा राजवाडा उद्ध्वस्त होऊन जवळजवळ हजार वर्षे उलटली होती. तरी गेममधले लाल खांब हे आर्थर इव्हान्स यांनी १९०० पासून उत्खनन करून पुढे सिमेंट-काँक्रीटने उभारलेल्या नोसॉसचीच आठवण करून देतात. म्हणजे आपण प्राचीन ग्रीसमध्ये हिंडतो आहोत असे वाटत असताना खरे तर विसाव्या शतकातल्या एका इंग्रज संशोधकाच्या कल्पनेतून हिंडत असतो. मला याचा राग आला नाही, उलट तो भाग मी दोनदा फिरलो.

भुलभुलैयात उतरल्यावर एरवी आकाशातून वाट दाखवणारा गरुड उपयोगी पडत नाही. त्या गरुडाचे नाव इकारस, आणि पुराणातला इकारस हा भुलभुलैया बांधणाऱ्या डेडॅलसचाच मुलगा! बापाच्या वास्तूत मुलाची नजर पोहोचू नये, हे जाणूनबुजून योजले असेल किंवा नसेल, पण त्या अंधारात मला ते फार भावले. प्रत्यक्ष मिनोटॉर समोर आल्यावर मात्र माझा उत्साह ओसरला. दुधारी कुऱ्हाड घेऊन धावून येणारे ते धूड पहिल्या तीन-चार प्रयत्नांत धडकी भरवते, मग त्याच्या हालचालींचा क्रम पाठ होतो आणि उरते ती केवळ बटणांची कसरत. शिवाय हा राक्षस म्हणजे एका अतिप्राचीन प्रगत वंशाच्या वस्तूमुळे पालटलेला माणूस, असा खुलासा गेम करतो. दैवी शापाच्या जागी हे यंत्रतंत्र आणून काय साधले, ते मला अजून कळलेले नाही.

याउलट पेफ्का नावाच्या छोट्या बेटावरचा प्रसंग मी विसरू शकत नाही. तिथे मिनोटॉरच्या नावावर चक्क धंदा चालतो: आलेल्या पाहुण्यांकडून ताकदीच्या आणि चपळाईच्या परीक्षा करवून घ्यायच्या, आणि शेवटी जो समोर येतो तो मुखवटा घातलेला माणूस. हा विनोदी भाग मला इतिहासाला अधिक धरून वाटला, कारण त्या काळच्या ग्रीकांच्या जगात मिनोटॉर खरोखरच कथेच्या, नाण्यांवरच्या चित्राच्या आणि विधींच्या रूपाने वावरत होता. थिसियस सुखरूप परतल्याच्या स्मरणार्थ अथेन्स दरवर्षी डेलॉस या पवित्र बेटाला एक जहाज पाठवत असे, आणि ते परत येईपर्यंत देहदंड देता येत नसे म्हणून इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसला विष देणे लांबले. हा धागा सॉक्रेटिसला पात्र म्हणून घेणाऱ्या गेममध्ये मला कुठेच सापडला नाही, याची रुखरुख वाटते.

तुलनेसाठी मधले दोन महिने मी २०२० चा 'टोटल वॉर सागा: ट्रॉय' खेळलो. त्यात दंतकथेमागचे संभाव्य सत्य शोधण्याची पद्धत आहे, त्यामुळे तिथला मिनोटॉर म्हणजे बैलाच्या मुखाचे शिरस्त्राण घातलेला धिप्पाड योद्धा. ही कल्पना आधुनिक वाटली तरी तिला जुना आधार आहे. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने थिसियसच्या चरित्रात त्याच्याआधीचा इतिहासकार फिलोकोरस याच्या हवाल्याने नोंदवले आहे की क्रीटच्या लोकांच्या मते भुलभुलैया हा साधा तुरुंग होता आणि टॉरस (म्हणजे 'बैल') हा मिनोसचा उर्मट सेनापती. २००२ च्या 'एज ऑफ मिथॉलॉजी'त मात्र अथीना देवीची निवड केली की मिनोटॉर सैन्यात भरती करता येतात. तिथे तो निव्वळ प्यादे होतो.

जाता जाता आणखी एक. नोसॉसच्या नाण्यांवरच्या भुलभुलैयाच्या प्रचलित आकृतीत वाट एकच असते, त्यात चुकायला जागाच नसते. तशीच आकृती कर्नाटकातल्या हळेबीडच्या मंदिरात अभिमन्यूच्या चक्रव्यूहासाठी कोरलेली आहे.

गेम मोठा आहे, नोकरी सांभाळून खेळणाऱ्याला महिने पुरत नाहीत. २०१९ मध्ये त्यात विनामूल्य जोडलेली 'डिस्कव्हरी टूर' लढाईशिवाय फिरू देते, आणि घरातल्या शाळकरी मुलांसोबत मी तीच अधिक वापरली. घेणार असाल तर पेफ्का आधी करा आणि क्रीट नंतर. मी उलट क्रमाने गेलो आणि खऱ्या राक्षसानंतर खोटा अधिक आवडल्यामुळे क्रीटला पुन्हा जावेसे वाटेना.