बँक स्टेटमेंट ते ग्नूकॅश: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या एप्रिलपासून घरचा आणि शेतीचा हिशोब मी ग्नूकॅश या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवतेय. राहायला नाशकात इंदिरानगरला, द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात, ती भाऊ बघतो. खाती तीन: माझ्या पगाराचं, शेतीचं आणि आईसोबतचं जॉइंट. आधी सगळं एक्सेलमध्ये हाताने टाकायचे. महिन्यातले दोन रविवार त्यात जायचे. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत तर काम अर्धवटच राहायचं, कारण मजुरी आता यूपीआयने जाते आणि एकेका दिवशी पंधरा-वीस नोंदी पडतात.

ग्नूकॅश फुकट आहे, त्यात रोजमेळ-खतावणीसारखी दुहेरी नोंद होते, आणि ते व्यवहारांच्या क्यूआयएफ, ओएफएक्स आणि सीएसव्ही (स्वल्पविरामाने तोडलेला साधा मजकूर) अशा तिन्ही प्रकारच्या फाइली घेतं. अडचण आहे ती बँकेकडून येणाऱ्या फाइलीची. ओएफएक्समध्ये प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे तीच फाइल चुकून दोनदा घेतली तरी सॉफ्टवेअरला ते कळतं. माझ्या तिन्ही बँकांपैकी एकीकडेही ती मिळत नाही. पगाराची बँक एक्सएलएस देते, शेतीची पासवर्ड लावलेली पीडीएफ. जॉइंट खातं सहकारी बँकेत आहे, तिथे फक्त पासबुक.

एक्सएलएसचं काम सोपं. फाइल उघडताना एक्सेल कुरकुर करतं, कारण नाव एक्सएलएस असलं तरी आत साधा टॅबने तोडलेला मजकूर असतो. मी ती लिबरऑफिसमध्ये (एक्सेलसारखंच सॉफ्टवेअर) उघडते, वरचा नाव-पत्ता आणि खालच्या सूचना उडवते. उघडतानाच तारखेच्या रकान्याला दिवस-महिना-वर्ष हा प्रकार द्यायचा, हे मात्र विसरू नका. मे महिन्यात मी विसरले. 3 मेची नोंद 5 मार्चला गेली, 12 तारखेपर्यंतच्या सगळ्या नोंदी अशाच उलटल्या आणि 13 पासूनच्या नुसता मजकूर म्हणून पडून राहिल्या. यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांकसुद्धा मजकूर म्हणूनच घ्या. एक्सेल तो 4.12ई+11 असा दाखवतं, आणि तसंच सीएसव्ही सेव्ह केलं की मूळ क्रमांक गेलाच.

पीडीएफवर सगळ्यात जास्त वेळ जातो. क्यूपीडीएफ या प्रोग्रॅमने आधी पासवर्ड काढते, मग पीडीएफमधला तक्ता बाहेर काढणाऱ्या टॅब्युलात उघडून तक्त्याभोवती चौकट ओढते. टॅब्युला ब्राउझरमध्ये दिसतं, पण चालतं आपल्याच लॅपटॉपवर. ऑनलाइन कन्व्हर्टरवर स्टेटमेंट चढवायला माझा ठाम विरोध आहे. त्या फाइलीत खाते क्रमांक, पत्ता, कोणाला किती पैसे दिले, सगळं असतं. दहा मिनिटं वाचवायला ते परक्या सर्व्हरवर कशाला ठेवायचं?

पहिले दोन महिने मी नुसत्या नजरेने तपासत होते. आता एक जादा रकाना करते: वरच्या ओळीची शिल्लक, अधिक जमा, उणे नावे (खात्यातून गेलेली रक्कम), उणे या ओळीची छापील शिल्लक. उत्तर प्रत्येक ओळीत शून्य यायला हवं. बरेच जण शिल्लकेचा रकाना बिनकामाचा म्हणून आधी काढून टाकतात. माझ्या मते तोच सगळ्यात मोलाचा. ऑक्टोबरचं शेतीचं स्टेटमेंट सहा पानांचं होतं. चौथ्या पानाच्या पहिल्याच ओळीत शून्याऐवजी 4,350 आले. मूळ पीडीएफ उघडून पाहिली. तिसऱ्या पानाच्या तळाशी कृषी सेवा केंद्राला औषधांचे दिलेले पैसे होते, पण त्या नोंदीचा तपशील तीन ओळींचा, त्यातली तिसरी ओळ पुढच्या पानावर गेलेली. माझी चौकट जरा वर संपली होती आणि ती नोंद रकमेसकट गळाली होती. हा रकाना नसता तर चूक मार्चअखेरीस सापडली असती, आणि तेव्हा चारशे नोंदींत एक शोधत बसावं लागलं असतं.

काही स्टेटमेंटांत नवी नोंद वर असते. तेव्हा नुसतं तारखेने सॉर्ट करू नका, एकाच दिवसाच्या नोंदींचा क्रम बिघडतो आणि शून्य येत नाही. आधी ओळींना अनुक्रमांक द्या आणि त्याने उलटं सॉर्ट करा. 1,25,000.00 मधले स्वल्पविरामही मी काढून टाकते.

पुढचं इम्पोर्ट पाच मिनिटांचं. जमेच्या रकान्याला ‘अमाउंट’, नावेच्या रकान्याला ‘अमाउंट निगेटेड’ असं एकदा सांगितलं आणि ती मांडणी सेव्ह केली की दर महिन्याला तीच चालते. कुठली नोंद कोणत्या खात्यात जाते हे ग्नूकॅश तपशिलातल्या शब्दांवरून शिकत जातं. पहिल्या महिन्यात जवळपास प्रत्येक ओळीला खातं मला निवडावं लागलं. आता महावितरण आपोआप वीजबिलात जातं, गॅस गॅसमध्ये. मजुरीचं तसं होत नव्हतं, कारण तपशिलात दर वेळी नवा संदर्भ क्रमांक चिकटलेला. तो वेगळ्या रकान्यात काढून ‘नंबर’मध्ये टाकायला लागल्यापासून माणसाचं नाव नीट ओळखलं जातं.

पगाराच्या खात्यातून शेतीच्या खात्यात पैसे टाकले की ती नोंद दोन्ही स्टेटमेंटांत येते. दुसऱ्या वेळी ग्नूकॅश स्वतःच जुनी नोंद जुळवून दाखवतं. रक्कम तीच आणि तारीख जवळची असली की पुरतं. पण त्या ओळी मी एकेक वाचूनच पुढे जाते, कारण 500 रुपयांच्या दोन वेगळ्या मजुऱ्याही त्याने एकदा एकच धरल्या होत्या.

आता महिन्याला दीड तास लागतो. परवा भावाने फोनवर विचारलं, “ताई, छाटणीची मजुरी किती झाली गं?” फोन ठेवायच्या आत आकडा सांगितला.

सहकारी बँकेचं मात्र अजून हातानेच चाललंय. पासबुकाचा फोटो टॅब्युलाच्या कामाचा नाही, त्याला पीडीएफमध्ये खरा मजकूर लागतो. फोटोवरून अक्षरं ओळखणारं एक ॲप लावून पाहिलं, त्याने 3 चे 8 केले. आईच्या खात्यात महिन्याला आठ-दहा नोंदी असतात, तेवढ्या टाइप करते आणि शून्याचा रकाना तिथेही लावते.