‘अख्ख्या धान्याचा’ कट्टा घेण्याआधी तळातली पूड बघा

आठवडी बाजारात, मोंढ्याच्या कडेला किंवा गावोगाव फिरणाऱ्या पिकअपमधून कोंबडीच्या खाद्याचे पन्नास किलोचे कट्टे विकले जातात. ‘घरगुती, अख्ख्या धान्याचं, अंडी वाढवणारं खाद्य.’ तोंड उघडून दाखवतात तेव्हा वर पिवळा मका, पांढरी ज्वारी, बाजरी आणि मधूनमधून सोयाबीनचे दाणे असतात. कंपनीच्या लेअर, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबडीच्या, खाद्यापेक्षा भाव कमी असतो. अंड्यावरच्या पन्नास-शंभर कोंबड्या पाळणाऱ्या बायाबापड्यांना हा माल आपल्या घरातलाच वाटतो आणि कट्टा घेतला जातो.

पण अशा कट्ट्यांत बऱ्याचदा प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही कमी असतात. ही फसवणूक इतकी चालते, कारण ती लगेच दिसत नाही. एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं. खाद्यातून तेवढं मिळालं नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. त्यामुळे पहिला आठवडा-दहा दिवस अंड्यांचा आकडा बहुधा पूर्वीसारखाच राहतो. मग कवच पातळ पडतं, गोळा करतानाच अंडी तडकतात, काही नुसत्या पडद्याची येतात. कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात, काही पायावर उभ्या राहत नाहीत. तोवर दुसरा कट्टाही घेऊन झालेला असतो, कारण विकणारा आधीच सांगून गेलेला असतो, ‘नवं खाद्य अंगी लागायला पंधरा दिवस जातात.’ तक्रार केली की कधी ऊन, कधी कोंबडीची जात हे कारण पुढे येतं, आणि वर कॅल्शियमची बाटली गळ्यात मारली जाते.

आता हिशेब मांडा. अंड्यावरची कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाते आणि तिच्या खाद्यात १६ ते १७ टक्के प्रथिनं लागतात. मक्यात ती ९ टक्क्यांच्या आसपास, ज्वारीत ९-१०, बाजरीत ११-१२. म्हणजे नुसतं धान्य कसंही मिसळा, आकडा ११-१२च्या वर जात नाही. उरलेली प्रथिनं सोया डीओसीतून, म्हणजे तेल काढलेल्या सोयाबीनच्या पेंडीतून, यायला हवीत आणि खाद्यात महाग पडते ती हीच. म्हणून तिथेच हात मारला जातो.

लेबलवर ‘प्रथिने १८ टक्के’ असतं, कधी सोबत तपासणीचा कागदही असतो. नेहमीची तपासणी थेट प्रथिनं मोजत नाही. ती नत्र मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. युरियात ४६ टक्के नत्र असतं. पन्नास किलोत एक किलो युरिया मिसळला की कागदावर जवळजवळ पावणेसहा टक्के प्रथिनं वाढतात. गाय-म्हशीच्या पोटातले जंतू युरियाचा थोडाफार उपयोग करतात. कोंबडीला तो प्रथिनांच्या जागी चालत नाही, जास्त झाला तर अपायच करतो.

हे घरी ओळखता येतं. कट्ट्याच्या तळातली पूड दोन चमचे घ्या, त्यात चमचाभर कच्च्या सोयाबीनचं पीठ आणि कोमट पाणी घाला. पाणी उकळतं नको, सोयाबीनमधलं जे द्रव्य युरिया फोडतं ते उष्णतेनं मरतं. काचेच्या बाटलीत भरून हळदीच्या पाण्यात भिजवलेला कागद झाकणातून आत लोंबता ठेवा, पाण्याला टेकू देऊ नका. अर्ध्या तासात अमोनियाचा झणका आला आणि कागद लालसर झाला तर युरिया आहे. शेजारी फक्त सोयाबीन पीठ आणि पाण्याची दुसरी बाटली ठेवा, म्हणजे तुलना करता येते.

कॅल्शियमसाठी घालायचा शिंपल्याचा चुरा, म्हणजे शेल ग्रिट, यातही तोच खेळ. आपल्याकडच्या काळ्या दगडाची कच किंवा वाळू त्यात सहज खपते. चमचाभर चुऱ्यावर लिंबू पिळा. शिंपला जोरात फसफसतो, कच आणि वाळू तशीच राहते. अगदी मंद फसफस झाली तर डोलोमाइट या चुनखडीसारख्या दगडाचा संशय घ्या. त्यातल्या मॅग्नेशियमनं विष्ठा पातळ होते आणि कवचही सुधारत नाही.

सगळ्यांत वाईट माल परतीच्या पावसानंतर येतो. भिजलेला मका आणि काळी पडलेली हायब्रीड ज्वारी मोंढ्यात पडत्या भावानं जाते आणि भरडून अशा कट्ट्यांत शिरते. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, धुऊन जात नाही, भाजूनही पुरतं मरत नाही, आणि यकृतावर बसतं. दाणा दाताखाली कट्टकन तुटला पाहिजे, दबला तर ओल आहे. कुबट वास आला की तो कट्टा परत करा, ‘उन्हात वाळवून घालू’ म्हणून ठेवून घेऊ नका. बलक पिवळाधमक होईल या बोलण्यालाही भुलू नका. ज्वारीवर बलक फिकाच पडतो, तो दोष नव्हे. पिवळा मका, लसूणघास, शेवग्याचा पाला घातला की रंग येतो.

घरी मिसळायचं तर क्विंटलभरासाठी मका ४० किलो, ज्वारी १२, बाजरी ८, सोया डीओसी २४, गव्हाचा कोंडा ४, शिंपल्याचा चुरा साडेनऊ, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) दीड किलो, मीठ ४०० ग्रॅम आणि लेअरचं जीवनसत्त्व-खनिज मिश्रण पाकिटावरच्या प्रमाणात. यात प्रथिनं १७ टक्क्यांच्या आसपास बसतात, कॅल्शियम ४ टक्क्यांच्या जवळ. डीओसीऐवजी घरचं सोयाबीन वापरणार असाल तर नीट भाजूनच घाला, कच्च्यानं प्रथिनांचं पचन अडतं. त्यात प्रथिनं कमी असल्यानं ते डीओसीपेक्षा थोडं जास्त लागतं, तेवढा मका कमी करा. सरकी पेंड अंड्यावरच्या कोंबडीला नकोच, साठवलेल्या अंड्यांचे बलक डागाळतात.

सगळं धान्य अख्खं ठेवलं तर कोंबड्या आवडीचे दाणे वेचतात आणि पूड तळाशी राहते. चुरा, मीठ, जीवनसत्त्वं नेमकी त्या पुडीत असतात. म्हणून मका भरडा, सकाळचं खाद्य पाण्याचा हलका हात मारून द्या आणि ज्वारी-बाजरीतली थोडी अख्खी संध्याकाळसाठी बाजूला काढा. चुऱ्यातला जाडसर, २ ते ४ मिलिमीटरचा भागही संध्याकाळीच द्या, कारण कवच मुख्यतः रात्री बनतं. कोंबड्या बंदिस्त असतील तर अख्खं धान्य दळायला पोटात बारीक कठीण खडे लागतात. ते वेगळ्या भांड्यात ठेवा.

तयार कट्टा घ्यायचाच असेल तर काट्यावर चढवा, ५० म्हणून ४६ भरलेले कट्टे असतात. पक्कं बिल मागा. न उघडलेल्या कट्ट्यातून विक्रेत्यासमोर अर्धा किलो नमुना काढून, तारीख टाकून, दोघांच्या सह्यांनी बंद करा. रोजच्या अंड्यांचा आकडा वहीत लिहा. स्वतःच्या पोटापाण्यासाठी कोंबड्या पाळणाऱ्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे बोलताना बिल, नमुना आणि वही हाताशी ठेवा.