पेटी परत आली, सूर आले नाहीत

वाद्य वापरायला देताना आपल्याला दोनच गोष्टींची धास्ती असते. ते परत येणार नाही, किंवा मोडून येईल. माझी पेटी, म्हणजे हार्मोनियम, ठरलेल्या दिवशी परत आली, कुठे ओरखडा नाही, उलट पॉलिश होऊन आली. तरीही मी लुटले गेले. आतले जुने जर्मन सूर, म्हणजे आवाज देणारे पितळी रीड, काढून, त्या जागी साधे सूर बसवून तीच पेटी मला परत केली होती. ही चोरी वरून दिसत नाही आणि कळते तेव्हा हातात पुरावा नसतो, म्हणून जे घडलं ते तपशिलात लिहिते आहे. ज्यांच्या घरी वडिलांची, आजोबांची पेटी आहे त्यांनी तरी हे वाचावं.

ही पेटी माझ्या वडिलांची, नानांची. लाकूडकाम साधं आहे, सांगलीतल्याच एका कारागिराने केलेलं. तिचं मोल होतं पोटात. एका बंद पडलेल्या नाटक मंडळीच्या पायपेटीचे सूर नानांनी विकत घेतले होते आणि त्यातून ही सव्वातीन सप्तकांची, खर्ज-नर पेटी बांधून घेतली होती. पट्ट्या एकोणचाळीस, प्रत्येकीला खालचा खर्ज आणि वरचा नर असे दोन, म्हणून सूर अठ्ठ्याहत्तर. तसले सूर आता बाहेरून येत नाहीत. कुठली जुनी पेटी किंवा ऑर्गन मोडीत निघाला तरच हाती लागतात, आणि त्यामुळे जुन्या जर्मन सुरांची पेटी साध्या पेटीच्या कित्येक पट भावाला जाते. हे सगळं या बाजारात फिरणाऱ्याला नीट माहीत असतं. घरात पेटी असलेल्या माणसाला ते माहीत असतंच असं नाही.

माझ्यासाठी भावाचा प्रश्न वेगळाच होता. पेटीचे स्वर ठोकळेबाज, मींड नाही, श्रुती नाहीत, या आक्षेपावरून १९४० मध्ये आकाशवाणीने तिला दारातच अडवलं आणि १९७१ पर्यंत ती बंदी टिकली. नाना त्याच काळात वाजवायला शिकले. तो आक्षेप त्यांनी मनाला लावून घेतला होता. तानपुरा छेडून बसायचे, खर्जाच्या तारेतून जो गांधार आपोआप ऐकू येतो त्याला पेटीचा गांधार मिळेपर्यंत कानस लावायचे. सुराची पितळी जीभ टोकाशी घासली की स्वर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. काळी एक या पट्टीचा षड्ज धरून त्यांनी एकेक सूर असा घासून लावला होता. म्हणजे त्यांचा कान त्या पितळेत उतरला होता. नवे कितीही चांगले सूर घातले तरी ते परत मिळत नाही.

आता तो माणूस. नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे, आणि नाव कळून उपयोगही नाही. पद्धत कळायला हवी.

तो आला तो एका मोठ्या गायकांच्या शिष्याची ओळख सांगत. तिशी-पस्तिशीचा, बोलणं अदबीचं. आल्या आल्या नानांच्या फोटोला नमस्कार. "ताई, मला अहो-जाहो करू नका, धाकटा भाऊ समजा." आणि वाजवायचा खरोखर चांगलं. हे मुद्दाम सांगते, कारण फसवणारा माणूस बेसूर असेल अशी आपली एक भाबडी समजूत असते. त्याने पेटीवर यमन वाजवला आणि मध्येच थांबून म्हणाला, "गांधार तानपुऱ्याला लावलाय ना हा?" नानांच्या माघारी हे ओळखणारा तो पहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग पुढचे प्रश्न आले. सूर कुठले, कधी बदललेत का, पेटी शेवटची कुणी उघडली, आता कुणाकडे दुरुस्तीला देता. रसिकाचे प्रश्न वाटावेत असेच, पण नीट पाहिलं तर मालाची चौकशी. हीच चौकशी त्याने पुढे ज्या ज्या घरांत केली तिथे शब्दसुद्धा जवळपास तेच होते.

पहिल्यांदा त्याने पेटी एका संध्याकाळपुरती नेली. बुवा काळी एकला गातात, माझी पेटी दुरुस्तीला आहे, मिळाली तर उपकार होतील, असं म्हणाला. कार्यक्रमातून फोटो पाठवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी घरपोच, सोबत पेढे. पेटी जशीच्या तशी होती. या पहिल्या खेपेत फसवणूक काहीच नव्हती, आणि सगळ्या बेतातला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच होता. लहान गोष्ट वेळेवर परत करून माणूस मोठ्या गोष्टीची परवानगी कमावतो. सावकारीत, भिशीत, सगळीकडे हीच चाल आहे. फक्त गाण्याबजावण्याच्या मंडळींत आपण तिच्याकडे त्या नजरेने पाहत नाही.

दुसऱ्या खेपेला त्याने गणपतीपासून कोजागिरीपर्यंत पेटी मागितली. गणपतीतल्या मैफली, मग नवरात्रातली कीर्तनं, गावोगावचे कार्यक्रम. मधूनमधून फोन करायचा, ताई, आज पेटीने मैफल जिंकली. ध्वनिमुद्रणाचे तुकडेही पाठवायचा. त्यातल्या सुरुवातीच्या तुकड्यांत माझी पेटी आहे. नवरात्रानंतरच्या तुकड्यांत ती नाही. खोकं तेच, आवाज दुसरा. हा फरक आज तक्रारीत कामाला येतो आहे, म्हणून असे तुकडे कुणी पाठवले तर पुसू नका.

परत आणली तेव्हा पेटी झळकत होती. "तुम्हाला न विचारता थोडी सेवा केली, ताई, रागावू नका. भात्याचं कापड विरलं होतं, बदललं. पॉलिश मारून घेतलं." एक पैसा घेतला नाही. या सेवेचा अर्थ आता सांगते. पेटी उघडली की स्क्रूच्या खाचा चकाकतात, वर्षानुवर्षांची धूळ निघते, कातड्याच्या कडा हलतात. कुणी विचारलं तर उत्तर तयार हवं. पॉलिश आणि नवं कापड हे ते उत्तर. शिवाय पॉलिशचा वास आठ-पंधरा दिवस जात नाही, तोवर आवाज जरा वेगळा वाटला तर आपणच म्हणतो, नवं कापड आहे, बसेल हळूहळू. निघताना त्याने एवढंच मागितलं, "पेटी मिळाल्याचं व्हॉट्सॲपवर टाकाल का? म्हणजे माझ्या मनावरचं ओझं उतरेल." मी लिहिलं, पेटी मिळाली, छान आहे, मनापासून आभार. तो संदेश त्याने पुढे पोलिसांना दाखवला.

वाजवायला बसले आणि पहिल्यांदा जाणवलं ते भात्याला. नानांची पेटी हवा खात नसे. एका भरण्यात मंद्र षड्ज लांबवर राहायचा. आता भाता सतत मारावा लागत होता. साध्या सुरात जीभ आणि तिच्या चौकटीतली फट जास्त असते, त्यातून हवा निसटते. मग बोट हलकं ठेवलं की स्वर उशिरा बोलू लागला. जुना सूर नुसत्या स्पर्शाने बोलतो, तार सप्तकातही. शेवटी गांधार. तानपुरा लावला आणि गांधार त्याच्यावर चढून बसलेला, चारचौघींसारख्या पेटीचा. तेव्हा मी पेटी बंद केली आणि मिरजेला वाद्यांच्या कारागिरांकडे नेली.

कारागिरांनी जाळी काढली, रीडची फळी वर घेतली आणि काही बोलायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. फळीचं लाकूड जुनं. त्यावर नानांच्या हातची पेन्सिलची अक्षरं तशीच, सा, कोमल रे, रे, अशी ओळीने. आणि प्रत्येक अक्षरासमोर पिवळंधमक नवं पितळ. स्क्रू मात्र जुनेच परत वापरलेले. जुन्या सुरांच्या पट्ट्या किंचित लांब होत्या, त्यामुळे नव्या पट्टीच्या टोकाशी लाकडावर एक फिकट रेघ उघडी पडली होती. ओळीच्या ओळी अशा. कारागीर म्हणाले, घाईचं काम नाही हे, बसून केलेलं आहे. हे देशी सूर वाईट नसतात, गुजरातेतल्या पालिताण्याहून येणाऱ्या सुरांवर आपल्याकडच्या असंख्य पेट्या वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे वाजताहेत. पण माझ्या पेटीत ते असायला नको होते.

मी फोन केला. आवाजात जराही फरक नाही. "ताई, तुम्ही वाजवून घेतलीत की. मिळाल्याचं लिहूनही दिलंत." मग, "जुन्या पेटीत काय होतं ते आता कोण सांगणार?" त्यानंतर फोन उचलणं बंद. ज्यांची ओळख सांगून तो आला होता त्या शिष्याला विचारलं, तर एकदा कुठल्या कार्यक्रमात भेट झाली होती, एवढाच संबंध निघाला.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणेच आला. वस्तू परत मिळाली ना, मग फसवणूक कसली? पेटी म्हणजे खोकं नव्हे हे तिथे पटवणं अवघड होतं. शेवटी ओळखीच्या वकिलांनी सांगितलं ते असं. वापरण्यासाठी दिलेली वस्तू परत करायची, तीही जशी होती तशी, ही जबाबदारी भारतीय करार कायदा, १८७२ मधल्या कलम १४८ पासूनच्या तरतुदींत आहे. विश्वासाने दिलेल्या वस्तूतला ऐवज बेइमानीने काढून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताचा गुन्हा ठरतो, आणि सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता असं दाखवता आलं तर कलम ३१८. ठाण्यात दाद लागली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) प्रमाणे लेखी तक्रार टपालाने थेट पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. मी तशी पाठवली, त्यानंतर हालचाल झाली. तक्रारीत "पेटी" हा शब्द मागे ठेवून "पेटीतील ७८ जर्मन बनावटीचे पितळी सूर" असं लिहिलं. ते शब्द फार महत्त्वाचे ठरले, कारण न परत आलेली वस्तू ती आहे.

पुरावा कुठून आणला? नशिबाने काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने, नाना सूर लावत असताना, उघड्या पेटीचं मोबाईलवर चित्रण केलं होतं. त्यात सुरांच्या पट्ट्या दिसतात, नानांच्या कानशीच्या खुणा दिसतात. ते नसतं तर माझ्याकडे माझ्या कानाशिवाय काही नव्हतं, आणि कानाची साक्ष कुणी लिहून घेत नाही.

बोलू लागले तेव्हा आणखी घरं कळली. एक भजनी मंडळ, एक निवृत्त शिक्षक, एका दिवंगत वादकाच्या पत्नी. सगळीकडे आधी एक छोटी खेप, मग लांबची, मग पॉलिश. त्या बाईंना तर मी सांगेपर्यंत पत्ता नव्हता. त्यांच्या घरी पेटी कुणी वाजवतच नाही, यजमानांची आठवण म्हणून ठेवलेली. तीही उघडली. आतून रिकामीच म्हणायची. अशी न वाजणारी पेटी या माणसांना सर्वांत सोयीची. बाकीचे गप्प होते ते संकोचाने. क्षेत्र लहान, सगळे एकमेकांना ओळखतात, उगाच कुणावर आळ नको. या संकोचावरच तो जगत होता, आणि मला याचा राग त्याच्या चोरीइतकाच येतो.

काही जणांनी मला सल्ला दिला की आता वाद्य कुणाला देऊच नकोस. तो मला मान्य नाही. आमचं सगळं क्षेत्र मागून आणलेल्या तानपुऱ्यांवर आणि पेट्यांवर उभं आहे. खेड्यातल्या सप्ताहाला चांगली पेटी कुठून मिळणार, शिकणाऱ्या मुलाला पहिला जव्हारीदार तानपुरा कोण देणार? मी आजही देते. पण देताना आणि घेताना, दोन्ही वेळा, नेणाऱ्यासमोर जाळी काढते, फळी उचलते, सुरांच्या दोन्ही ओळींचे जवळून फोटो काढते आणि ते तिथल्या तिथे त्याला पाठवते. सूर कुठले, किती, हे एका ओळीत लिहिते आणि "पेटी मी स्वतः उघडणार नाही, दुरुस्ती विचारल्याशिवाय करणार नाही" हे त्याच्याकडून लिहून घेते. प्रामाणिक वादकाला याचा राग येत नाही. उलट एक तरुण मुलगा म्हणाला, ताई, बरं झालं, आता माझ्यावरही नाव येणार नाही. परत घेताना "मिळाली" एवढं लिहायलाही मी वाजवून, उघडून पाहीपर्यंत थांबते. तानपुरा, सतार यांचंही तसंच. घोडी, खुंट्या, मणी, भोपळ्यावरचे जुने चरे यांचे फोटो असू द्या. बदलता येण्यासारखं सगळं बदलतं.

आता शेवटची आणि माझ्यासाठी सर्वांत गरजेची गोष्ट. माझे सूर कुठेतरी वाजत असणार. असा माल वितळवत नाहीत, नव्या खोक्यात बसवून "जुने जर्मन सूर" म्हणून विकतात. गेल्या कोजागिरीनंतर कुणी अशी पेटी घेतली असेल, किंवा कुणा कारागिराकडे असे सुटे सूर आले असतील, तर कृपा करून फळी उचलून पाहा. नानांनी प्रत्येक सुराच्या पट्टीवर, मुळाच्या स्क्रूशेजारी, टोकदार सुईने स्वराचा आकडा कोरला होता, देवनागरीत, खर्जाच्या ओळीत आकड्याखाली एक टिंब देऊन. मध्य सप्तकातल्या शुद्ध गांधाराच्या नर सुराची जीभ एकदा बदललेली आहे, तिचा खिळा तांब्याचा आहे, बाकी सगळे पितळेचे. ज्याने ती पेटी पैसे देऊन घेतली त्याच्याशी माझं भांडण नाही. त्याने फक्त फोटो काढून ठेवावा, कुणाकडून घेतली ते आठवावं आणि मला कळवावं.